शंखातला जीव

गेल्या दिवाळीत आमच्या सूनबाईनं हौसेनं दक्षिणावर्ती शंख आणला. घरात लक्ष्मी नांदते म्हणे! किंमत ऐकून हे गप्पच बसले. येणारा-जाणारा मात्र विचारायचा, "खरा आहे ना हो? फसवलं तर नाही ना?"

शंका रास्त होती. आपला पूजेचा शंख मिळतो तमिळनाडू आणि श्रीलंकेमधल्या मन्नारच्या आखातात. त्यात उलट्या वळशाचा क्वचितच सापडतो, म्हणून त्याला एवढा भाव. अमेरिकेच्या किनाऱ्यावर मात्र एक अशी समुद्री गोगलगाय आहे, जिचे बहुतेक सगळेच शंख उलट्या वळशाचे. तेच इकडे दक्षिणावर्ती म्हणून खपवतात. खूण सोपी आहे. खऱ्या शंखाच्या तोंडात बोट घातलं, की मधल्या खांबावर तीन-चार कंगोरे लागतात. आमच्या शंखात ते नव्हतेच.

सूनबाई रडवेली झाली. मी समजूत घालत होते, पण मनात दुसरंच चाललं होतं. समजा, खरा निघाला असता, तर?

पाठशाळेत आपण सगळ्याच शिकलो, शंख हा दोन इंद्रियांचा जीव, स्पर्श आणि रसना. पण पाठातला शंख आणि देवघरातला शंख एकच, हे पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नाही. साप कात टाकतो तसा तो जीव शंख टाकून जात असेल, असं वाटायचं. तसं नसतं. शंख त्याच्याच अंगातून घडतो, त्याच्याबरोबर वाढतो. जीव गेल्याशिवाय तो रिकामा होत नाही. आणि बाजारासाठी पाणबुडे जिवंत शंखही वर काढतात.

"आपण कुठं मारला?" असं म्हणता येतं. पण आपल्यात कृत, कारित, अनुमोदना हे तिन्ही मोजतात. पैसे मोजणारा हात त्यातून सुटत नाही. शंख हे तर नेमिनाथ भगवंतांचं लांछन. लग्नासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून त्यांनी वाटेतूनच रथ फिरवला. शंखातल्या जिवाला आक्रोशही करता येत नाही. आपण ऐकतो तो आपल्याच फुंकरीचा आवाज.

हे सूनबाईला सांगायला गेले आणि हात कानाकडे गेला. माझ्या लग्नातली मोत्यांची कुडी! शिंपल्यातला जीवही दोन इंद्रियांचाच की.

कुडी डबीत ठेवलीय. आईची आठवण, टाकवत नाही. शंखही कपाटात आहे. त्याचं काय करायचं, ते अजून सुचत नाही. नवीन मात्र घ्यायचा नाही, एवढं आम्हा दोघींचं ठरलंय.