सगळं पाहणारीचा सीव्ही

माझी भाची धरमतर खाडीकाठच्या एका मालवाहतूक कंपनीत पंधराएक वर्षं आयटी पाहते. सर्व्हर, नेट, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, गेटवरचे कॅमेरे, पंचिंग मशीन, टॅली, मेल, शिवाय साहेबांच्या घरचा लॅपटॉप. भरतीला बार्ज आत येतात, जेट्टीवर माल उतरतो, ट्रक काट्यावर चढतो, पावती निघते. यात जिथे कुठे वायर आहे तिथून तिला फोन येतो. आता तिला पुण्यात नोकरी हवी आहे आणि सीव्ही काही लिहून होत नाही. माझी उमेदीची वर्षं एका आस्थापना विभागात लोकांचे अर्ज चाळण्यात गेली, म्हणून कागद माझ्याकडे आला. मी सल्ला द्यायला बसले होते. झालं ते असं.

मी : पाच पानं? कोण वाचणार आहे?

ती : काय काढू ते सांग.

मी : कॅमेरे काढ.

ती : काट्यावर वजनाचे घोळ व्हायचे ते कॅमेऱ्यांनीच थांबले, मावशी. आता पावतीबरोबर फोटो निघतो. एक चाक काट्याबाहेर असेल तर दिसतं.

मी : बरं, राहू दे. टॅली काढ.

ती : १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा बिलं निघेनात. पुढच्या एप्रिलात ई-वे बिल आलं, तेव्हा गेटवर ट्रकची रांग. ती कुणी सोडवली? अकाउंटवाले म्हणाले हे आयटीचं, सॉफ्टवेअरवाले म्हणाले हे अकाउंटचं.

मी : हे बघ. अर्ज वाचणारा एकच विचार करतो, हिला कुठल्या खुर्चीवर बसवू? तुझ्या पाच पानांत सात खुर्च्या आहेत. 'सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' एवढं एक घे आणि त्याला लागेल तेवढंच ठेव.

ती : पण सर्व्हरपुढे माझा वेळ सगळ्यात कमी गेलाय. नीट लावलेला सर्व्हर हाक मारत नाही, प्रिंटर मारतो.

मी : निवडून सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

ती : मग एसएपीचं सांग. कंपनीत एसएपी हे कारभाराचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा बाहेरचे सल्लागार कित्येक महिने ठाण मांडून होते. सिस्टिम त्यांनी उभी केली. मी जुना डेटा साफ केला, मालाचे आणि गिऱ्हाइकांचे मास्टर भरून घेतले, टेस्टिंगला बसले, नंतर लोकांना शिकवलं. 'एसएपी अंमलबजावणी' असं लिहू?

मी : तुला त्यातलं कॉन्फिगरेशन येतं?

ती : नाही.

मी : मग नको.

ती : अंमलबजावणी झाली. मी तिच्यात होते. यात खोटं काय आहे?

मी : शब्द खरे आहेत. पण वाचणाऱ्याला वाटेल, सिस्टिम तू उभी केलीस. तू काय लिहिलंस यावर खरंखोटं ठरत नाही. त्याला काय समजलं यावर ठरतं.

ती : कुणाला? मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं. त्याला 'एसएपी' सापडलं की नाही एवढंच कळतं. ज्याला काही समजतच नाही त्याची फसवणूक कशी होईल?

मी : त्याच्यामागे माणूस बसलाय.

ती : त्याच्यापर्यंत पोचले की सगळं सांगेनच.

मी : म्हणजे दारात एक आणि आत एक.

ती : दार त्यांनीच तसं केलंय. त्यांची जाहिरात वाच. डझनभर तंत्रं आणि दहा वर्षांचा अनुभव मागतात. एवढं सगळं येणारा त्यांच्याकडेही कुणी नसेल. ते वाढवून मागतात, उमेदवार वाढवून सांगतात, आणि वाचणारा मनातल्या मनात तेवढं वजा करतो. मी एकटीने खरं लिहिलं तर माझ्यातूनही तेवढंच वजा करणार.

'सगळे करतात म्हणून तूही करायचं का' हे उत्तर माझ्या जिभेवर होतं. आमच्या पिढीकडे ते तयारच असतं. पण ती ते म्हणतच नव्हती. सगळे फुगवत असतील तर खरं लिहिणारीबद्दल वाचणाऱ्याचा समज चुकीचा होतो, कमी बाजूने चुकीचा, एवढंच ती म्हणत होती. आणि समजावरून खरंखोटं ठरतं हा नियम तर दोन मिनिटांपूर्वी मीच सांगितला होता. मी जरा आवाज चढवून मधला मार्ग काढला.

मी : 'एसएपी अंमलबजावणीत डेटा स्थलांतर, टेस्टिंग व वापरकर्त्यांचं प्रशिक्षण' असं लिही. सॉफ्टवेअरला शब्द मिळाला, माणसाला खरं मिळालं.

ती : तसंच लिहिलंय, प्रत्येक कामाचं. म्हणून तर पाच पानं झाली. खरं सांगायला जागा लागते.

मी : आकडे टाक. आकडा थोडक्यात सांगतो.

ती : ९९.९ टक्के अपटाइम लिहितात सगळे. वर्षाचे ८,७६० तास, त्यात ०.१ टक्का म्हणजे पावणेनऊ तास बंद. आमच्याकडे कुणी मोजलेच नाहीत. आणि मोजले असते तरी? बार्ज भरतीवर येतो, माल उचलायला ट्रक उभे असतात, तेव्हा अर्धा तास काटा बंद पडला तर जेट्टीपासून गेटपर्यंत सगळं तुंबतं. सुकतीच्या वेळी रात्री तीन तास बंद राहिला तर कुणाला पत्ताही लागत नाही. टक्केवारीत दुसरं मोठं दिसतं. मला भरतीचं वेळापत्रक पाठ आहे, त्यावरून मी अपडेट कधी टाकायचे ते ठरवते. हे कुठल्या खुर्चीत बसतं?

मला हे फार आवडलं. तेच वर लिही, म्हणून मी मागे लागले. पुण्यात भरतीचं काय करणार, असं म्हणून तिने ते उडवून लावलं.

मी : तुझं काम खारेपाटातल्या बांधासारखं आहे. टिकला तर कुणी नाव काढत नाही, खांड गेली की सगळे धावतात.

ती : बांधाचं बरं असतं. टिकला की भात पिकतं, गाव बघतं. बांध दुरुस्तीला गावाची जोळ निघायची तेव्हा कोण आलं, कोण दांडी मारून बसलं, हे गावाला ठाऊक असायचं. माझा बांध बघणारं गाव कुठाय? बरं, तो टिकला का, हे मला तरी कुठे नक्की माहिती आहे? जून २०१७मध्ये नॉटपेट्या हा व्हायरस आला. युक्रेनमधल्या कर भरायच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघाला तो मर्स्क या जहाज कंपनीमार्गे आपल्या उरणला पोचला. जेएनपीटीतलं त्यांचं टर्मिनल ठप्प झालं. त्यावरचा मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आला होता. मेमध्ये वॉनाक्राय व्हायरसची बातमी ऐकून मी तो सगळ्या मशीनवर टाकला. आमच्याकडे काही झालं नाही.

मी : झालं की मग! 'नॉटपेट्यापासून संरक्षण'.

ती : माझ्या पॅचमुळे वाचलो, की तो आमच्याकडे फिरकलाच नाही? एका मशीनमधून चोरलेले पासवर्ड वापरून तो पॅच टाकलेल्या मशीनमध्येही शिरत होता. जे घडलं नाही ते मी रोखलं, असं कसं लिहू?

मघाशी 'एसएपी अंमलबजावणी' बिनदिक्कत लिहायला निघालेली मुलगी ती हीच. मी ते तिला बोलून दाखवलं.

ती : एसएपीत मी काय केलं ते मला माहीत आहे. ते मोठं करून सांगायला माझी हरकत नाही. जे मी केलं की नाही हे मलाच माहीत नाही, ते लहान करूनही मला सांगता येत नाही.

हा फरक मला तेव्हा पटला नाही. आता थोडा पटतो, पुरता नाही.

मी : राजीनामा दिल्यावर हँडओव्हर लिहून मागतील ना? त्यात येईल सगळं. कुठली वायर कुठे जाते, कोण कशावर अडतो.

ती : येईल. पण तो कागद कंपनीचा. आयपी, पासवर्ड, कुठे काय कमजोर आहे, सगळं त्यात असणार. बाहेर दाखवला तर माझ्यावर केस होईल, आणि व्हायलाच हवी. तू आस्थापनेत होतीस ना? असा पाच पानांचा अर्ज आला असता तर मुलाखतीला बोलावलं असतंस?

नसतं बोलावलं. तसं मी तिला सांगितलं. मग तिने तीन पानं काढली आणि एसएपीची ओळ सर्वांत वर घेतली. तिच्यात 'डेटा स्थलांतर' आधी यावं की 'अंमलबजावणी', यावर आमचं अजून जमलेलं नाही. अर्जाची मुदत सोमवारी संपते.