जुनें अंगण आणि कांचेचें छत

पूर्वजांनीं उभारलेल्या वास्तूंत फेरफार करण्याचा अधिकार वारसांस आहे काय, आणि असल्यास तो कोठपर्यंत, हा प्रश्न वरवर पाहतां गवंड्याचा दिसतो; वस्तुतः तो नीतीचा आहे. ज्यानें वास्तु बांधली तो बोलावयास उरलेला नाहीं, आणि ज्याला ती पुढें मिळावयाची तो अद्यापि जन्मास आलेला नाहीं. या दोन मुक्या पक्षकारांमध्यें विद्यमान पिढी एकटीच बोलणारी, आणि न्यायाधीशही तीच. अशा स्थितींत तिनें आपणांस कोणतें बंधन घालून घ्यावें? नुसत्या तत्त्वांच्या आधारें हा विचार हवेंत राहतो, म्हणून आम्ही एक प्रत्यक्ष उदाहरण घेतों. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमचें अंगण २००० सालीं कांचेच्या छताखालीं आलें, तें हें उदाहरण होय.

रॉबर्ट स्मर्क यानें १८२३ सालीं या वास्तूचें काम आरंभिलें. चारही बाजूंस दालनांच्या रांगा आणि मध्यें मोकळें अंगण, अशी त्याची योजना होती. अंगणांत बाग व्हावयाची होती. परंतु ग्रंथ वाढत चालले आणि वाचकांस जागा पुरेना. तेव्हां ग्रंथसंग्रहाचे अधिकारी पानिझ्झी यांच्या कल्पनेवरून, रॉबर्टचाच धाकटा भाऊ सिडनी यानें त्या अंगणांत १४० फूट व्यासाच्या घुमटाचें वाचनालय बांधलें. तें १८५७ सालीं उघडलें. त्याच्या भोवतालची जागा ग्रंथांच्या लोखंडी कोठारांनीं व्यापली, आणि येथें एके काळीं अंगण होतें याचाही लोकांस विसर पडला. त्या घुमटाखालीं कार्ल मार्क्स वर्षानुवर्षें वाचीत बसला, आमचे डॉ. आंबेडकरही लंडनांत विद्यार्थिदशेंत असतां तेथें वाचावयास जात. त्यामुळें या घुमटाचें सुखदुःख केवळ इंग्रजांचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

पुढें ग्रंथसंग्रहासाठीं सेंट पॅनक्रास येथें स्वतंत्र वास्तु झाली, आणि १९९७ च्या सुमारास वाचक तिकडे गेले. कोठारें पाडून अंगण मोकळें करण्यांत आलें, व नॉर्मन फॉस्टर यांच्या योजनेप्रमाणें त्यावर पोलाद व कांच यांचें छत चढलें. घुमट वाटोळा, अंगण चौकोनी, आणि घुमट अंगणाच्या बरोबर मध्यावरही नाहीं. त्यामुळें ३,३१२ त्रिकोणी कांचा निरनिराळ्या मापांनीं कापाव्या लागल्या.

जुन्याचे अभिमानी म्हणतात, मूळ वास्तूस हात लावणें हाच अपराध. पण मूळ म्हणजे कोणतें? थोरल्या स्मर्कची बाग मूळ मानली, तर धाकट्या स्मर्कचा घुमट हेंच पहिलें अतिक्रमण ठरतें; घुमट मूळ मानला, तर त्यास एकदां दिलेली मोकळीक दुसऱ्यास नाकारावयाची कोणत्या न्यायानें? उपयुक्ततावादी म्हणतात, लोकांची सोय झाली कीं काम संपलें. सोय झाली हें खरें. ज्या जागेंत शिरावयास पूर्वी वाचकाचा परवाना लागे, तेथें आतां वाटेल तो मनुष्य येऊन उजेडांत उभा राहतो. परंतु सोयीला शेवट नसतो. उद्यां आणखी मोठ्या सोयीसाठीं घुमटही पाडावा लागेल. दोन्ही पक्षांचा दोष एकच. वास्तु एका काळाची मालमत्ता आहे असें ते धरून चालतात. एकास तो काळ भूत वाटतो, दुसऱ्यास वर्तमान.

आमच्या मतें वारसाचें पहिलें कर्तव्य हें कीं, आपला भार जुन्यावर पडूं देऊं नये. या छताच्या बाबतींत तें अक्षरशः पाळलें गेलें. छत पसरूं पाहतें तेव्हां तें भिंतींस बाहेर रेटतें. तसें होऊं नये म्हणून त्याच्या कडा सरकूं शकतील अशा बैठकींवर टेकविल्या आहेत, आणि आंतल्या बाजूस घुमटावर भार न देतां त्याभोवतीं नवे खांब उभारले आहेत. जुन्या भिंतीच्या जवळ यावें, पण तिला ढकलूं नये, ही रीत घरांतील नव्या पिढीनेंही शिकण्याजोगी आहे.

दुसरें कर्तव्य सत्याचें. कांचेचें छत पाहून कोणासही तें १८५७ चें वाटत नाहीं. त्याच अंगणाच्या दक्षिणेकडील द्वारमंडप एकोणिसाव्या शतकांत काढून टाकिला होता. तो मात्र पूर्वीसारखाच पुन्हा बांधावा असें ठरलें. त्यासाठीं भोवतालच्या भिंतींशीं जुळणारा पोर्टलंडचा दगड हवा होता; बांधून होत असतां १९९९ सालीं उघड झालें कीं, दगड फ्रान्समधील आहे. तो अधिक पांढरा, म्हणून डोळ्यांत भरतो. मोठा वाद माजला. अखेर मंडप तसाच राहिला. जें उघडपणें नवें होतें त्यानें कोणास फसविलें नाहीं. ज्यानें जुनें दिसण्याचा पण केला त्याच्याच पायाशीं असत्य आलें. अनुकरणांत आदर असूं शकतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण मी तुझ्यासारखा आहें असें म्हणणाऱ्यावर त्याच्यासारखें होण्याची सर्व जबाबदारी येते, आणि ती पेलणारे थोडे.

परंतु याहून अवघड गोष्ट पुढेंच आहे. घुमटाच्या आंतील निळा व सोनेरी रंग पूर्ववत् करण्यांत आला, भिंतीला कोठें धक्का लागला नाहीं. तथापि ज्यासाठीं तो घुमट बांधला तें वाचन तेथून उठलें. २००७ ते २०१३ या काळांत तेथें प्रदर्शनें भरलीं. आमच्याकडे जीर्णोद्धार म्हणतात तो केवळ दगडांचा नसतो. कळस नवा होतो, पण त्याबरोबर देवाची पूजाही चालूं राहावी लागते. पूजा थांबलेलें देऊळ कितीही लखलखीत केलें तरी त्याचा उद्धार झाला असें कोणी म्हणणार नाहीं. ग्रंथ नष्ट झाले नाहींत, ते व त्यांचे वाचक दुसऱ्या घरीं सुखानें नांदत आहेत, हें उत्तर योग्य आहे, आणि तें आम्ही मान्य करतों. तरीही ज्या जागेंत एखादें व्रत शतकाहून अधिक काळ चाललें, त्या जागेचें त्या व्रताशीं कांहीं नातें उरतें; आणि तें कसें राखावें याचें गणित कोणत्याही शिल्पज्ञाच्या आराखड्यांत मांडतां येत नाहीं.

म्हणून छताविषयीं आमचा निर्णय अनुकूल आहे, आणि वाचनालयाविषयीं आमचें मन अस्वस्थ आहे. भिंत सांभाळणें द्रव्यानें व कौशल्यानें साधतें. भिंत कशासाठीं होती याची आठवण सांभाळणें मात्र प्रत्येक पिढीस स्वतःच करावें लागतें, आणि तें काम ज्या घरांत वडिलांचीं पुस्तकें कपाटांत नीट लावून ठेविलीं आहेत पण उघडलीं जात नाहींत, त्या घरासही लागू आहे.