काढलेली जात

कामकरी वाळवी तळहातावर घेऊन तिची जात सांगणं तज्ज्ञांनाही अवघड जातं. सैनिकाच्या डोक्यावरून किंवा पंख फुटलेल्या वाळवीवरून अंदाज येतो; कामकरी सगळ्या सारख्याच फिकट, मऊ. (प्रजातीला आपण बोलताना सहज ‘जात’ म्हणतो. तो शब्द मी मुद्दाम ठेवला आहे.) मात्र तिच्या त्वचेवर हायड्रोकार्बनांचा मेणचट थर असतो, आणि त्यातली संयुगं नि त्यांची प्रमाणं जातीगणिक बदलतात. वाळवी काही मिनिटं हेक्झेनमध्ये बुडवायची, उतरलेला अर्क गॅस क्रोमॅटोग्राफमधून सोडायचा, की आलेखावर शिखरांची रांग उमटते. पश्चिम अमेरिकेत ओलसर लाकडात राहणाऱ्या झूटर्मोप्सिसच्या तीन जाती माहीत होत्या. १९८८ साली मायकेल हॅव्हर्टी आणि सहकाऱ्यांना त्यांत चार वेगळे रासायनिक नमुने आढळले. पुढे १९९३ मध्ये त्यांतले दोन एकाच जातीच्या उपजाती ठरले. पोटजाती म्हणण्याचा मोह आवरते.

मी अडते ती पुढे. हा थर मुळात ओळखपत्र नव्हेच. अंगातला ओलावा टिकावा म्हणून तो असतो. त्याच्या वासावरून वसाहतीतल्या इतरांना ती आपली वाटते, हेही खरं. आपण मात्र वाचण्यासाठी नेमका तोच धुऊन काढतो. कोणती वाळवी घर पोखरते हे कळायला हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

काही वर्षांपूर्वी एका वऱ्हाडी आजींचं आत्मकथन मी हिंदीत नेलं. त्यांचं ‘मले’, त्यांचा ‘डोया’ हिंदीत कुठून आणणार? हरवलं त्याची भरपाई म्हणून एक टीप जोडली: मूळ बोलण्यातल्या कोणत्या लकबींवरून गाव कळतं, कोणत्या शब्दांवरून जात. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात अशा टिपेला शाबासकी मिळते. पुस्तक आल्यावर त्यांच्या नातवाचा फोन आला. परप्रांतात भाड्याच्या खोलीत राहत होता. आडनावावरून घरमालकाला काही उमगलं नव्हतं. आवाज चढला नाही. म्हणाला, “आजीनं कापूस वेचल्याचं सांगितलं, उपाशी झोपल्याचं सांगितलं. जात नव्हती सांगितली, ताई. ती तुम्ही काढलीत.”

टीप अचूक होती. तेवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

त्याची मराठी अगदी प्रमाण होती. मला ट्रायकॉप्सेनियस फ्रॉस्टी हा चिमुकला भुंगेरा आठवला. वाळवीच्या वसाहतीत राहणाऱ्या या भुंगेऱ्याच्या अंगावर यजमानांचीच हायड्रोकार्बनं असतात आणि ती तो स्वतःच्या शरीरात तयार करतो, असं १९८० साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे उसनं काहीच नाही. तरीही ही तुलना मी लगेच सोडली. भुंगेरा परक्यांच्या घरात असतो. हा मुलगा मराठीत परका कसा?

आजी आता नाहीत, त्यांना विचारायचं राहूनच गेलं. दुसऱ्या आवृत्तीसाठी टीप नातवाकडे पाठवली. ती अख्खीच उडवेल, असं वाटलं होतं. त्याने जातीचं वाक्य खोडलं. ‘डोया’ आणि गावाचं नाव तसंच ठेवलं.