दहा सेकंद

परक्या माणसाचे आपण काही देणे लागतो काय? घरच्यांचे लागतो, शेजाऱ्यांचे लागतो, सावकाराचे तर लागतोच लागतो. पण ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही, त्याचे? गेल्या थंडीत नांदेडला एका हौशी मंडळाचे नाटक पाहत असताना हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला.

नाटक होते विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे'. 'रंगायन'ने ते १९६७ साली रंगभूमीवर आणले. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन आणि सुलभाबाईंची बेणारे. कथा बहुतेकांना माहीत आहे. शहरातली नाटकवेडी मंडळी एका गावी प्रयोगाला येतात. सामंत नावाच्या गावकऱ्याला साक्षीदार म्हणून उभे राहायचे असते, पण कोर्ट कसे चालते हे त्या बापड्याला कळत नाही. त्याला ते समजावे म्हणून गंमतीचा एक खटला मांडतात, आणि आरोपी करतात बेणारे या शिक्षिकेला. पुढे गंमत उरत नाही.

समाजाच्या दांभिकपणाचे नाटक म्हणून त्याची वाखाणणी होते, ती योग्यच आहे. मला मात्र त्या रात्री ते सामंताचे नाटक वाटले. बेणारे गावात येते तीच मुळी त्याच्याशी भरभरून बोलत. बरोबरच्या मंडळींशी ती अशी बोलत नाही, बोलेल कशी? ओळखीच्या माणसापुढे बोललेला शब्द पुढेमागे पुरावा होतो. परका माणूस म्हणजे कोरी पाटी. पण हाच सामंत पिंजऱ्यात उभा राहतो आणि हातातल्या रहस्यमय कादंबरीत पाहून भाबडेपणाने साक्ष देतो. ती नेमकी तिच्या जखमेवर बसते. दुष्टांनी केलेल्या छळापेक्षा सज्जनाच्या हातून न कळत झालेल्या या गोष्टीचे मला अधिक भय वाटले.

शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर आरोपीला बोलायला दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत बेणारे सारे आयुष्य ओतते, आणि भोवतालची माणसे पुतळ्यांसारखी थिजून असतात. तिचे संपते तेव्हा काशीकर म्हणतात की वेळ संपली, आरोपीला काहीच सांगायचे नाही काय? म्हणजे हाताच्या अंतरावर होते त्यांच्यापर्यंत अक्षरही पोचले नाही. ऐकले कोणी? तर अंधारात बसलेल्या आम्ही परक्यांनी; आणि आम्हाला उत्तर देण्याची सोय नाही! अल्बी या अमेरिकन नाटककाराने 'द झू स्टोरी'त बागेच्या बाकावर दोन अनोळखी माणसे बसवली आहेत. तिथे एकाला आपले म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी जीव द्यावा लागतो. आपल्याकडे निदान सामंत आहे. सगळे निघून गेल्यावर, निपचित पडलेल्या बेणारेला हाक मारण्याचा धीर त्याला होत नाही. तो आपल्याजवळचा हिरवा कापडी पोपट तिच्याशेजारी ठेवतो आणि निघून जातो.

त्या पोपटाने माझ्या डोळ्यांत पाणी आणले, हे कबूल करतो. बाहेर पडल्यावर मात्र मन कुरकुरू लागले. दोन शब्द बोलायचे त्या ठिकाणी पोपट ठेवणे, ही दया की पळवाट?

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरची एस.टी. धरली. हा लेख मनात जुळवीत होतो. लोहा मागे पडले तेव्हा शेजारच्या म्हातारीने विचारले, "कुठवर जायचं बाबा?" मी म्हणालो, "लातूर." ती किल्लारीकडची होती. मग ती आपणहून सांगू लागली, "जुन्या गावात लेकरू रडलं तर चार घरांत कळायचं. आता घरं लांब लांब. आंगण मोठं झालं, पर हाक पोचंना." १९९३च्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी उठून गेली. रुंद रस्त्यांची आणि सुट्या घरांची ती गावे मी पाहिली आहेत. वाक्य मला आवडले. कुठे वापरता येईल, हेही मनात येऊन गेले.

"गणपती बोळवून आलो होतो आम्ही," ती म्हणाली, "अन् पहाटं..."

मी "हं" म्हणालो. दहा सेकंदांवरचे एक वाक्य माझ्या मनात नुकते जुळून येत होते, ते निसटेल अशी भीती वाटली. मी डोळे मिटले. ती थांबली. जरा वेळाने म्हणाली, "झोप बाबा, झोप." आणि मला खरोखरच झोप लागली.

लातूरच्या स्थानकावर कंडक्टरने उठवले. शेजारची जागा रिकामी होती. माझ्या पिशवीवर वर्तमानपत्राच्या कपट्यात मूठभर बोरे ठेवलेली. घरी येऊन ती मी एकेक करून खाल्ली. गोड होती. ५२ गावांपैकी तिचे गाव कोणते, आणि त्या पहाटे तिच्या घरात कोण कोण होते, हे विचारायचे राहून गेले.