विठोबाचा हात

भरतनाट्यम नाचणाऱ्या मुलीनं देव मानायलाच हवा का? अरंगेत्रमची, म्हणजे पहिल्या जाहीर प्रयोगाची, तयारी सुरू झाली तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. तालमीआधी आम्ही भूमीला नमस्कार करतो, नटराजापुढे फूल ठेवतो. वर्णमात मी शिवासाठी झुरते, पदमात कृष्णावर रुसते. घरी मात्र मी पूजा करत नाही, उपास धरत नाही आणि संकटात देव आठवतो असंही नाही. मग नाचताना माझ्या डोळ्यांत जे येतं ते काय असतं?

शास्त्रात याचं उत्तर आहे, आणि ते फार सुंदर आहे. नाट्यशास्त्राचा जुना टीकाकार श्रीशंकुक यानं नटाला चित्रातल्या घोड्याची उपमा दिली. तो घोडा खरा म्हणता येत नाही, खोटाही म्हणता येत नाही, तरी आपण त्याला घोडाच म्हणतो. पुढे हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरात अभिनवगुप्तांनी सांगितलं की रसाचा आस्वाद प्रेक्षकाच्या ठायी असतो. नट हे फक्त पात्र, रस ज्यातून चाखायचा ते भांडं. भांड्याला चव कळण्याची गरज नाही. पण या उत्तरानं प्रेक्षकाची सोय होते, माझी होत नाही. रोज अर्धमंडीत बसून, तेच चरण शंभरदा करून या शरीरात काहीतरी बदलतं, आणि ते भांड्यात बदलत नाही. त्या बदलाला काय म्हणायचं, हे अभिनवगुप्त मला सांगत नाहीत.

याच प्रश्नाचं दुसरं टोक मला घराजवळच सापडलं. मी अंधेरीत, मरोळला वाढले. आमच्या भागात महाकाली गुंफांच्या रस्त्यावर ज्ञान आश्रम आहे. युरोपातून आलेले एसव्हीडी या ख्रिस्ती धर्मसंघाचे फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी तो उभा केला आणि येशूची कथा भारतीय गाण्यातून, नृत्यातून सांगायला सुरुवात केली. त्याच संघातले फादर फ्रान्सिस बार्बोझा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भरतनाट्यम शिकले आणि ख्रिस्ती विषय नाचू लागले. तिथे त्यांच्यासमोर एक अगदी व्यावहारिक अडचण आली. नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पणा’त देवतांचे हस्त, म्हणजे हस्तमुद्रा, सांगितले आहेत: ब्रह्मा, शंभू, विष्णू, सरस्वती, विनायक, इंद्र, अग्नी, यम, पार कुबेरापर्यंत. ख्रिस्ताचा हस्त त्यात कुठून असणार? तो त्यांनी जुन्या मुद्रांमधूनच घडवला. या सगळ्या अभ्यासावर १९९० साली त्यांचं पुस्तकही आलं. त्यांच्याविषयी वाचताना मला माझीच उलटी बाजू दिसली. त्यांच्याकडे श्रद्धा होती आणि हात नव्हता. माझ्याकडे सगळे हात आहेत.

सगळे, असं वाटत होतं. मग ताईंनी (गुरूंना आम्ही ताईच म्हणतो) मला एक अभंग बसवायला दिला आणि लक्षात आलं, त्या यादीत विठोबाही नाही. महाराष्ट्राचा एवढा लाडका देव, पण त्याला शास्त्रात स्वतंत्र हस्त नाही. कर कटावर ठेवायचे तर अर्धचंद्र हस्त घ्यायचा, एवढं कुणीही सांगेल. त्याचे विनियोग, म्हणजे तो कुठे कुठे वापरायचा याची यादी, मी लहानपणी घडाघडा पाठ केले होते. यावेळी ते एकेक करून वाचले. अर्धचंद्र म्हणजे कंबर. अर्धचंद्र म्हणजे ध्यान, प्रार्थना, देवतांचा अभिषेक. आणि यादीच्या शेवटी, सामान्य माणसांचा नमस्कार. कमरेवर हात ठेवून उभा असलेला देव आणि त्याच्यापुढे आलेला साधा माणूस, दोघांसाठी एकच हात! शास्त्रकारासमोर पंढरपूर नव्हतं, तरी हे तिथे लिहिलेलं आहे. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो श्रद्धेचा होता की अभ्यासाचा, हे मी वेगळं करू शकत नाही.

आजी फलटण तालुक्यातली. पंढरपूरच्या वारीतली पालखी बरडला मुक्कामाला यायची, तिथून ती दिंडीत निघायची. आता गुडघ्यांमुळे आमच्याकडे असते आणि खुर्चीत बसून माझी तालीम बघते. अभंगाची सुरुवात मी विठ्ठलाचं मुख न्याहाळत, भुवया उंचावत करायचे. ती म्हणाली, ‘‘तू त्याच्या तोंडाकडं काय बघत ऱ्हातीस गं? आदी पाय धरायचं असत्यात. डोकं टेकलं की सरायचं, मागच्याला जागा द्यायची.’’ एवढंच. तासन्‌तास रांगेत उभं राहिल्यावर मिळणारा तो क्षण तिच्या बोलण्यात होता. मी अभंग पुन्हा बसवला, यावेळी पायांपासून. नजर खाली, अंग किंचित बाजूला, कारण मागे कुणीतरी उभं आहे.

पायांवर डोकं ठेवण्याचा हा हक्क तरी सगळ्यांना कुठे होता? अस्पृश्य मानलेल्या संत चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, देवळाबाहेर आहे. पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं ते १९४७च्या मे महिन्यात. त्याच वर्षी मद्रास प्रांतात मुलींना देवाला वाहण्याची देवदासी प्रथा कायद्यानं बंद झाली. ती बंद व्हायलाच हवी होती. पण ज्या बायकांच्या पिढ्यांनी हा नाच जपला, त्यांच्या हातून तो तोवर प्रतिष्ठित घरांतल्या मुलींकडे आला होता, आणि जपणाऱ्यांच्या वाट्याला लाज तेवढी उरली. चोखोबांइतकी श्रद्धा कुणाची? त्या बायकांइतकी विद्या कुणाची? दोघंही बाहेर राहिले. म्हणून ‘तुझी श्रद्धा आहे का, मग नाच’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो. दारावर उभं राहून माणसं पारखण्याची ती जुनीच रीत आहे.

आजीनं मला कधी विचारलं नाही, देव मानतेस का. ती विचारते, आज तालीम झाली का. तिच्या बोलण्यात श्रद्धा हा शब्दच नसतो, नेम असतो. माळ घातली की वारी चुकवायची नाही. मनात काय आहे ते वाटेत कळेल, नाही कळलं तरी चालायचं. मला नृत्याचा धर्म हाच वाटतो. रोज त्या अर्धचंद्रात बोटं ताणून धरताना मी कुणाला तरी जागा करून देते. तो विठोबा असेल, चोखोबा असेल, दिंडीतली आजी असेल. नाव ठरवण्याची मला घाई नाही.

ताईंना मात्र माझी खाली गेलेली नजर मान्य नाही. मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात प्रयोग आहे आणि त्यांचं म्हणणं, शेवटच्या रांगेला डोळे दिसले नाहीत तर भाव पोचणार कसा? मी मान वर ठेवून कमरेतून वाकून पाहिलं, तर आजी म्हणते, असं कुणी पाया पडत नाही. मधला मार्ग म्हणून पहिल्या चरणात नजर पायांवर आणि दुसऱ्यात हळूहळू वर, असं सध्या करून बघतो आहोत. दोघींनाही ते अजून पटलेलं नाही.