'सारखा' दिसला की उपमा?

वह्या मिटा. पेनं खाली ठेवा. आज फळ्यावर काही येणार नाही, तेव्हा उतरवून घ्यायला मान खाली घालू नका. माझ्याकडे बघा.

अलंकारांच्या चाचणीचे पेपर तपासून झाले आहेत. ते हातात देण्याआधी चार गोष्टी ऐकून घ्या. त्या गोड नाहीत.

प्रश्न होता: वाक्यात अलंकार असल्यास ओळखा आणि कारण लिहा. 'असल्यास' हा शब्द मी ठळक अक्षरांत लिहिला होता. पहिलं वाक्य होतं, 'त्या दिवशी डिचोलीत पाऊस सारखा पडत होता.' निम्म्याहून जास्त जणांनी बेधडक ठोकून दिलं, उपमा. कारण काय, तर 'सारखा हा साधर्म्यवाचक शब्द आला आहे.' अरे, पण पाऊस कशासारखा पडत होता? समोर दुसरी वस्तू आहे का? 'सारखा' म्हणजे तिथे न थांबता, सतत. डिचोलीत जन्म काढला, आषाढातला पाऊस अंगावर घेतला, आणि 'पाऊस सारखा पडतो' हे तुम्हाला कळलं नाही?

दुसरं वाक्य: 'बाबांना वाटतं, यंदा काजू चांगला येईल.' उत्तर आलं, उत्प्रेक्षा. का? 'वाटतं' आहे म्हणून. तिसरं: 'पेडण्याला कदंबाच्या बसने जातोस की मी स्कूटर काढू?' उत्तर आलं, ससंदेह. का? मध्ये 'की' आहे म्हणून. म्हणजे उद्या आईने विचारलं, 'भात वाढू की पेज?' तर तुम्ही ताटावर बसून म्हणाल, आई, अलंकार करू नकोस.

हसू नका. हसण्यासारखं काही नाही यात.

हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे. गाईडाच्या मागच्या पानावर एक तक्ता असतो. सम, समान, सारखा, परी: उपमा. जणू, गमे, वाटे, भासे: उत्प्रेक्षा. तो तक्ता पाठ आणि डोकं सपाट. शब्द दिसला की शिक्का मारायचा. वाक्य वाचायचंच नाही. वाक्य वाचल्याशिवाय त्यातला अलंकार ओळखणारे लोक मी पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतच पाहिले, आणि ते सगळे माझ्यासमोर बसले आहेत.

उपमेची अंगं किती? चार. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यवाचक शब्द. ज्याची तुलना करायची ते, ज्याच्याशी करायची ते, दोघांत समान असलेला गुण, आणि तो जोडून दाखवणारा शब्द. या चौघांतलं सगळ्यात हलकं अंग कोणतं? शेवटचं. ते गळालं तरी उपमा राहते. तिला लुप्तोपमा म्हणतात. 'कमलनयना' म्हटलं की त्यात 'सारखे' कुठे आहे? 'सुंदर' तरी कुठे आहे? तरीही डोळे आणि कमळ यांचं नातं लागलंच. म्हणजे तुम्ही नेमकं ते अंग धरून बसलात जे नसलं तरी चालतं, आणि ज्या दोन वस्तूंवाचून अलंकार उभाच राहत नाही त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

म्हणून आता दोनच वस्तू घेतो. दोन्ही तुमच्या ओळखीच्या. एक खाणीची लाल धूळ, दुसरा शिमग्यातला गुलाल. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, मध्ये सुरू झाल्या, 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. पण त्याआधी खनिजाच्या ट्रकांच्या रांगा डिचोलीच्या रस्त्यांवरून कशा जायच्या आणि दोरीवरचे कपडे कोणत्या रंगाचे व्हायचे, हे घरी विचारा.

'ही धूळ गुलालासारखी लाल आहे.' धूळ वेगळी, गुलाल वेगळा, लाली दोघांची. बोलणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवले. ही उपमा.

'रस्त्यावर पसरलेली ही धूळ जणू गुलालच.' आता तो म्हणतो, ही वस्तू म्हणजे ती वस्तूच असावी. नाही हे त्याला माहीत आहे, पण कल्पना तिथवर गेली. ही उत्प्रेक्षा.

'ट्रकांनी उधळलेला हा धूळ-गुलाल गावाने वर्षानुवर्षं अंगावर घेतला.' आता 'जणू' गेलं, शंका गेली. दोन्ही एकरूप झाले, म्हणून धूळ 'उधळली' गेली. हे रूपक.

'ही धूळ नव्हे, हा गुलाल आहे.' इथे धुळीचं धूळपणच नाकारलं. अपन्हुती.

'या धुळीपुढे गुलालही फिका.' उपमेय उपमानाच्या वर चढलं. व्यतिरेक.

'हिला धूळ म्हणू की गुलाल?' मन दोघांत अडकलं. ससंदेह. आणि 'धुळीला गुलाल समजून पोराने ती कपाळाला लावली', इथे संशय उरला नाही. चूक झाली आणि त्या चुकीप्रमाणे हातही चालला. भ्रांतिमान.

'डिचोलीच्या धुळीसारखी धूळ डिचोलीचीच.' तुलनेला दुसरं काही मिळालंच नाही, उपमेयच उपमान झालं. अनन्वय. आणि इथे 'सारखी' आहे बरं का. तक्त्यावाल्यांनी इथेही उपमा लिहिली असती.

वस्तू दोनच होत्या. बदललं काय? त्यांच्यातलं अंतर. कुठे शेजारी, कुठे जवळ, कुठे एकजीव, कुठे एक दुसऱ्याच्या डोक्यावर. हे अंतर मोजता आलं की अलंकार ओळखला. ते मोजलं नाही तर नाव बरोबर आलं तरी तो मटका आहे.

आता नववं वाक्य. 'खाणवाल्यांचे उपकार किती सांगू! त्यांच्या कृपेने आमच्या गावात बारा महिने शिमगा.' काय लिहाल? 'बारा महिने' दिसलं, ठोका अतिशयोक्ती. चूक नाही, पण वरवरचं आहे. बोलणारा स्तुती करतोय की शिव्या घालतोय? वरून आरती, आतून चपराक. ही व्याजस्तुती. शिवाय 'शिमगा' म्हणजे सणही आणि बोंबही, म्हणजे श्लेषही आला. ज्याला हे ऐकू येत नाही तो हे वाक्य ऐकून खाणवाल्याला हार घालायला निघेल.

श्लेषाचं निघालंच आहे तर पेडणेकरांनो, तुमच्यासाठी एक. 'आषाढातल्या शापोऱ्याचं काय आणि दशावतारातल्या संकासुराचं काय, पात्र अंगावर येतं.' नदीचं पात्र आणि नाटकातलं पात्र. शब्द एकदाच आला, दोन अर्थांनी राबला. 'अंगावर येतं' हेही दोघांना लागू पडतं. रात्रभर मांडावर बसून दशावतार बघता, संकासुर आला की किंचाळता, आणि पेपरात श्लेषापुढे जागा कोरी. सगळ्यांनीच.

मग सबबी येतात. पहिली सबब: 'सर, अलंकार फार आहेत.' भरतमुनींनी नाट्यशास्त्रात चारच सांगितले. उपमा, रूपक, दीपक, यमक. पुढच्या पंडितांनी वाढवत नेले, आणि अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त ते शंभराच्या वर गेले. तुमच्या वाट्याला त्यातले मूठभर आले आहेत. त्या मुठीचाही भार होत असेल तर दोष अलंकारांचा नाही.

दुसरी सबब: 'सर, घरी आम्ही कोंकणी बोलतो, मराठीचे अलंकार जमत नाहीत.' ही सबब ऐकली की माझा पारा चढतो. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडमधून 1579 मध्ये गोव्यात आला. इथली भाषा शिकला. 1616 मध्ये त्याचं मराठी 'ख्रिस्तपुराण' राचोलला छापलं गेलं. त्यात त्याने मराठी भाषेची थोरवी सांगितली ती कशी? रत्नं, फुलं, सुगंध, पक्षी, झाडं, एका उपमेयासाठी उपमानांची रांगच लावून. एकाच उपमेयाला अनेक उपमानं, याला मालोपमा म्हणतात. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला ते साधलं आणि तुम्हाला घरात बसून साधत नाही? आणि कोंकणी बोलता म्हणून अडतं कुठे? तुमची आजी भांडताना शेजारणीला जे बोलते त्यात अर्ध्या तासात दहा अलंकार होतात. ती पेपर लिहायला बसली तर तुमच्यापेक्षा पुढे जाईल.

तिसरी सबब सगळ्यात वाईट. 'सर, एका गुणासाठी एवढं कशाला?' नीट ऐका.

विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचं नाव आहे. तुमच्यातले बरेच जण बारावीनंतर तिथे जातील. हे अठराव्या शतकातले संत, पेडण्याच्या सीमेला लागून असलेल्या बांद्याचे. 'अंतरीचा ज्ञानदिवा मालवू नको रे' हे त्यांचं सगळ्यांच्या तोंडी असलेलं पद तुम्हीही भजनात टाळ कुटत म्हणता. त्यात त्यांनी ज्ञान दिव्यासारखं आहे असं म्हटलेलं नाही. ज्ञानाचा दिवाच केला. का? ज्ञान नुसतं दिव्यासारखं असतं तर तुम्ही 'हो, छान' म्हणून पुढे गेला असता. ते दिवाच आहे म्हटल्यावर तो विझूही शकतो, आणि विझला तर विझवणारे तुम्ही. रूपकाने सगळी जबाबदारी तुमच्या गळ्यात घातली. हे ज्याला कळलं त्याने ते पद ऐकलं. बाकीच्यांनी टाळ कुटले.

आणि संतांचं राहू द्या, बाजाराचं बघा. मोपाचा विमानतळ 2023 मध्ये सुरू झाला आणि पेडण्याच्या जमिनींचे भाव कुठे गेले ते तुमचे वडील सांगतील. रस्त्याकडेच्या फलकांवर कशी वाक्यं असतात? 'निसर्गाच्या कुशीत तुमचं घर.' पेपरात दिलं तर तुम्ही चेतनगुणोक्ती लिहाल, एक गुण घ्याल आणि घरी जाल. पण विचार करा. कूस आईला असते. निसर्गाला आई केली की तिथे घर बांधणं म्हणजे लेकराने आईकडे जाणं झालं. प्रत्यक्षात त्या घरासाठी डोंगर कापलेला असतो, झाडं तोडलेली असतात. लेकरू आईच्या कुशीत जेसीबी घेऊन जातं का? हा प्रश्न तुमच्या मनात उठू नये, म्हणून तर तो अलंकार तिथे लावला आहे.

किंवा कुणी मंचावरून म्हणेल, 'हा प्रकल्प म्हणजे विकासाचं महाद्वार.' तुम्ही टाळ्या वाजवाल. रूपक ओळखणारा मुलगा टाळी वाजवण्याआधी विचारेल: दार आहे तर ते कोणत्या बाजूने उघडतं? आत कोण येणार आणि बाहेर कोण जाणार? किल्ली कोणाकडे? ज्या घरात सात-बाराचे उतारे नाहीत, पण जमिनीचे एक-चौदाचे कागद आहेत, त्या घरातल्या मुलाला हे प्रश्न विचारता आलेच पाहिजेत. त्या कागदावर अंगठा की सही, हे ठरण्याआधी समोरचा जे बोलतो त्यात अलंकारच असतात.

मी तुम्हाला कवी बनवायला उभा नाही. फसू नका, एवढंच शिकवायला उभा आहे.

आता पेपर घ्या. कुणालाही गुण वाढवून मिळणार नाहीत, विचारायला येऊ नका. सोमवारपर्यंत प्रत्येकाने पाच वाक्यं आणायची. गाईडातली नाहीत, पुस्तकातली नाहीत. घरातली, बाजारातली, बसमधली, फलकावरची. प्रत्येकाखाली लिहायचं: दोन वस्तू कोणत्या, त्यांत समान काय, बोलणाऱ्याने त्यांना किती जवळ आणलं, आणि का आणलं. अलंकाराचं नाव सगळ्यात शेवटी. नाव चुकलं आणि कारण बरोबर असलं तर मी अर्धे गुण देईन. नाव बरोबर आणि कारण म्हणून 'सारखा हा शब्द आला आहे' असं लिहिलं असेल तर शून्य.

आणि तो तक्ता कंपासपेटीत घडी घालून ठेवला आहे, मला दिसतोय. मागच्या बाकावरून सुरुवात करा. एकेकाने उठायचं आणि टेबलावर आणून ठेवायचा.