चावी आणि अमानत

नागपुरात सीताबर्डी असो की मोमिनपुरा, रस्त्याकडेला बसणारा चावीवाला आपल्या ओळखीचा. पूर्वी त्याचे भांडवल म्हणजे कानस, शिकंजा आणि हाताची सवय. गाडीची साधी चावी घासली की काम झाले. आता बहुतेक गाड्यांच्या चावीत चिप असते. दाते तंतोतंत जुळले, तरी गाडीच्या संगणकाने चिप ओळखली नाही तर गाडी चालत नाही. म्हणून कारागीर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र जोडतो, नव्या चावीची ओळख गाडीत नोंदवतो आणि हरवलेल्या चावीची पुसून टाकतो. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची चावी तर खिशातूनही बाहेर काढावी लागत नाही.

पण यंत्राला चिप ओळखता येते, मालक ओळखता येत नाही. तो कारागिरालाच ओळखावा लागतो. भर उन्हात लेकराबाळांसह अडकलेल्या माणसाकडे गाडीचे कागद मागणे ही बदगुमानी नव्हे काय? आपल्या वस्तीतल्या कारागिराला संशयाची झळ ठाऊक असते. नाव सांगताच गिऱ्हाइकाची नजर बदललेली त्याने पाहिलेली असते. मग त्यानेही दुसऱ्यावर संशय घ्यावा?

माझ्या मते दोन्हींत फरक आहे. नाव आणि पोशाख पाहून केलेली चौकशी हा संशय. ओळखीच्या-अनोळखी प्रत्येकाला आरसी बुक विचारणे ही जबाबदारी. कारण या व्यवहारात एक जण गैरहजर असू शकतो, तो म्हणजे गाडीचा खरा मालक. त्याच्या वतीने बोलणारे तिथे दुसरे कोणी नसते.

इसवी सन 630 मध्ये मक्का जिंकल्यावर काबा शरीफची चावी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या हाती आली. ती त्यांनी उस्मान बिन तल्हा यांना परत दिली. सूरह निसाची अमानतीविषयीची 58 वी आयत या प्रसंगाशी जोडली जाते. चावी आजही बनी शैबा घराण्याकडेच आहे. त्या दिवशी जेत्याला जाब विचारणारे कोणी नव्हते, म्हणूनच त्या परत देण्याला मोल आहे.

चावीवाल्यालाही जाब विचारणारे सहसा कोणी नसते. एकीच्या जागी दोन चाव्या बनवून एक ठेवून घेतली, तर गिऱ्हाइकाला पत्ताही लागणार नाही. गाडी विकताना दुसरी चावी स्वतःकडे ठेवणाऱ्या मालकाचेही तेच. कोणी पाहत नसताना जी चावी आपण बनवत नाही, ठेवून घेत नाही, तिच्यावरच आपली रोजी हलाल ठरते.